नियंत्रणे केव्हा उठवावीत? युद्धोत्तर उभारणीतील एक वाद

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अडुगोडी नावाचा भाग लागतो. त्याला लागूनच कोरमंगला आहे. आज कोरमंगला म्हटले की संगणकाच्या आधारे चालणाऱ्या नव्या व्यवसायांची कार्यालये डोळ्यांपुढे येतात. २००७ मध्ये फ्लिपकार्ट ह्या कंपनीचा आरंभ तेथील एका सदनिकेतच झाला. परंतु १९५० च्या सुमारास कोरमंगला हे तळ्याकाठचे, शेतांनी वेढलेले खेडे होते आणि त्याच्या शेजारी अडुगोडीत लवकरच एक कारखाना उभा राहायचा होता. मोटर इंडस्ट्रीज कंपनी हे त्याचे नाव; बंगळूरकर त्याला ‘मायको’ म्हणत. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ह्या कंपनीने १९५३ मध्ये अडुगोडीत उत्पादनास प्रारंभ केला. इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनाला इंधन पुरवणारे पंप ह्यांसाठी ती पुढे देशभर प्रसिद्ध झाली. ह्या उद्योगामागचे तंत्रज्ञान श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश ह्या जर्मन कंपनीचे होते.

येथे एक प्रश्न सहजच उपस्थित होतो. ज्या देशातील शहरांचे १९४५ मध्ये ढिगारे झाले होते, ज्याचे चलन कवडीमोल ठरले होते आणि ज्याच्या कारखान्यांतील यंत्रे विजेते उचलून नेत होते, त्या देशातील एका कंपनीला आठ वर्षांच्या आत दूरच्या भारतात नवा उद्योग उभारून देणे कसे शक्य झाले? ह्या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर आहे. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीने किंमतींवरील नियंत्रणे उठवली आणि तेथून तिची भरभराट सुरू झाली, असे ते उत्तर. हे उत्तर ऐकताना आपल्याकडील वाचकाला एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जर्मनीच्या सहा महिने आधी, डिसेंबर १९४७ मध्ये, स्वतंत्र भारतानेही नियंत्रणे उठवली होती. ती दहा महिन्यांच्या आत पुन्हा लादावी लागली. निर्णय एकच, काळही जवळजवळ एकच; मग परिणाम इतके भिन्न का झाले? प्रस्तुत प्रकरणात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उद्योगांची मालकी शासनाची असावी की खाजगी, हा त्या काळचा दुसरा मोठा वाद. बंगळूरच्या जलहळ्ळी भागात शासकीय मालकीचा हिंदुस्थान मशीन टूल्स आणि अडुगोडीत खाजगी मायको, असे त्या वादाचे दोन्ही पक्ष एकाच शहरात पाहावयास मिळतात. परंतु तो वाद आपण येथे बाजूला ठेवू.

दाबून ठेवलेली भाववाढ

जर्मनीत किंमती गोठवल्या गेल्या त्या युद्धापूर्वीच, १९३६ मध्ये. नाझी शासनाने शस्त्रास्त्रांवरील खर्च मोठ्या प्रमाणावर कर्जे काढून व नवा पैसा निर्माण करून भागवला. एरवी अशा वेळी किंमती चढतात. पण किंमत वाढवणे हा गुन्हा ठरवल्यामुळे त्या कागदोपत्री जागच्या जागी राहिल्या. लोकांच्या हाती पैसा वाढत गेला आणि बाजारातील माल आटत गेला. अर्थशास्त्रज्ञ ह्या अवस्थेला दाबून ठेवलेली भाववाढ म्हणतात. भांड्यावर झाकण घट्ट बसवले म्हणून आतली वाफ नाहीशी होत नाही, हे ओळखणे कठीण नाही. कठीण आहे ते झाकण कसे काढावयाचे हे ठरवणे.

युद्ध संपल्यावर विजेत्या राष्ट्रांनी हीच व्यवस्था पुढे चालू ठेवली. ब्रिटिश व अमेरिकी विभागांत प्रौढ माणसाचा शिधा कागदावर दिवसाला १,५५० उष्मांकांचा होता. १९४७ च्या वसंतात रूरच्या औद्योगिक पट्ट्यात प्रत्यक्षात मिळणारा शिधा कित्येकदा एक हजार उष्मांकांच्याही खाली गेला. शिधापत्रिकेवर मिळे तेवढ्याने जगणे अशक्य असल्याने शहरातील माणसे घरातील वस्तू घेऊन खेड्यांत जात आणि बटाटे घेऊन परतत. अमेरिकी सिगारेट हेच चलन झाले होते. कामगाराला आठवड्याची मजुरी मिळे, पण तिच्यातून काही विकत घेता येत नसे. त्यामुळे तो आठवड्यातील दोन दिवस कामावर न येता शेतकऱ्याच्या दारी फिरे. कारखानदार कच्चा माल साठवून ठेवत आणि तयार मालही दडवत, कारण विकून हाती येणाऱ्या पैशाचा उपयोग नव्हता. उत्पादन खुंटले होते ते काही अंशी ह्या कारणाने.

अशा स्थितीत काय करावे ह्याविषयी दोन मते होती. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे म्हणणे असे, की माल अपुरा असताना किंमती मोकळ्या केल्या तर ज्याच्याजवळ पैसा आहे तो सर्व काही घेऊन जाईल आणि गरीब उपाशी राहील. म्हणून टंचाई संपेपर्यंत नियोजन व शिधावाटप चालू ठेवले पाहिजे. ह्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास मजूर पक्षाचे शासन नेमके हेच करीत होते आणि तेथील गरिबांना त्यामुळे बरे अन्न मिळत होते. दुसऱ्या बाजूला फ्रायबुर्ग विद्यापीठातील वाल्टर ऑयकेन आणि जिनीव्हात राहणारे विल्हेल्म रोप्के ह्यांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते. किंमती हे अर्थव्यवस्थेचे मोजमाप आहे. ते मोडून टाकल्यावर कोणती वस्तू अधिक बनवावी आणि कोणती कमी, हे अधिकाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. तथापि शासनाने हात जोडून स्वस्थ बसावे असे ऑयकेन म्हणत नव्हते. चलन स्थिर राखणे आणि मक्तेदारी मोडणे ही शासनाची कामे त्यांनी आग्रहाने मांडली. त्यांच्या मताचे पुरस्कर्ते पुढे स्वतःला मुक्त व्यापारवादी म्हणवून घेऊ लागले तेव्हा हा भाग बहुधा गाळला गेला.

लुडविग एरहार्ड हे मार्च १९४८ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी संयुक्त विभागाच्या अर्थप्रशासनाचे प्रमुख झाले. २० जून १९४८, रविवार, ह्या दिवशी जुने राइशमार्क रद्द होऊन नवे डॉइचमार्क चलनात आले. प्रत्येक माणसाला आरंभी ४० नवे मार्क मिळाले आणि काही आठवड्यांनी आणखी २०. पगार व भाडी जुन्या आकड्यांतच नव्या मार्कांत द्यावयाची होती. पण बँकांतील ठेवींची स्थिती निराळी होती. शंभर जुन्या मार्कांच्या ठेवीचे अखेरीस साडेसहा नवे मार्क झाले. ह्याच वेळी एरहार्ड ह्यांनी बहुसंख्य कारखानी वस्तूंवरील किंमत-नियंत्रणे उठवली.

दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचांमागे माल दिसू लागला. कालपर्यंत नसलेल्या चपला, भांडी, सायकलींच्या धावा कोठून आल्या, असा प्रश्न लोकांना पडला आणि त्यांना रागही आला. तो माल एका रात्रीत तयार झाला नव्हता हे उघड होते. त्यानंतरचे महिने मात्र सुखाचे गेले नाहीत. किंमती चढत गेल्या, मजुरी मागे राहिली आणि १२ नोव्हेंबर १९४८ रोजी नव्वद लाखांहून अधिक कामगारांनी एक दिवसाचा संप केला. एरहार्ड ह्यांनी नियंत्रणे परत आणली नाहीत. परंतु मध्यवर्ती बँकेने कर्जपुरवठा आवळला आणि शासनाने सामान्यांसाठी ठराविक नमुन्याचे स्वस्त कापड व जोडे काढण्याची योजना राबवली. १९४९ च्या आरंभापासून किंमती उतरू लागल्या. बेकारी मात्र वाढली. १९५० च्या हिवाळ्यात बेकारांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली.

ह्या हकीकतीतील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सर्व नियंत्रणे उठवलीच नव्हती. मुख्य अन्नधान्ये, घरभाडी, कोळसा, पोलाद व वीज ह्यांवरील नियंत्रणे राहिली. अन्नाचे शिधावाटप १९५० पर्यंत चालले आणि घरभाड्यांवरील बंधने तर त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. दुसरी, युद्धाने घरे व रेल्वे जितकी मोडली तितके कारखाने मोडले नव्हते. वर्नर आबेल्सहाउसर ह्या इतिहासकाराने दाखवून दिले आहे, की १९४८ मधील यंत्रसामग्री १९३६ पेक्षा कमी नव्हती आणि उत्पादनातील सुधारणा चलनबदलाच्या आधीच सुरू झाली होती. कुशल कामगारही होते. पूर्वेकडून हाकलले गेलेले लाखो निर्वासित त्यांत भर घालीत होते. अमेरिकेची मार्शल मदतही येऊ लागली होती, जरी ब्रिटन व फ्रान्सला ती जर्मनीपेक्षा अधिक मिळाली. तिसरी गोष्ट न्यायाची. चलनबदलाने बचत करणारा बुडाला. ज्याच्याजवळ घर, जमीन वा कारखाना होता तो तरला. ह्या अन्यायाची अंशतः भरपाई म्हणून १९५२ मध्ये भारसमीकरणाचा कायदा झाला आणि ज्यांची मालमत्ता टिकली त्यांच्यावर तिच्या निम्म्या मूल्याइतका भार तीस वर्षांत फेडण्यासाठी बसवण्यात आला.

भारतातील पैसा आणि धान्य

आता आपल्या देशाकडे वळू. भारतावर बाँबवर्षाव फारसा झाला नव्हता, पण युद्धाचा खर्च भारतानेही सोसला होता. तो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढील वाद कळणार नाही. ब्रिटिश शासन भारतात सैन्यासाठी कापड, धान्य, तंबू, पोलाद खरेदी करी. त्याची रक्कम लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या खात्यात जमा होई आणि त्या आधारावर बँक येथे रुपयांच्या नोटा काढी. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे जाई. नोटा मात्र देशातच राहत. युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्धाच्या अखेरीस त्या अकराशे कोटींहून अधिक झाल्या. लंडनमध्ये साठलेली ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांची होती. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख ह्यांना युद्धकाळाचा उत्तरार्ध ह्या वाढत्या आकड्याकडे पाहण्यातच घालवावा लागला. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथील परिषदेत भारतीय प्रतिनिधींनी ह्या शिलकेचा प्रश्न उपस्थित केला. ब्रिटनने तो परस्परांत सोडवण्याचे आश्वासन दिले. एवढी मोठी रक्कम एकदम परत मिळणे मात्र शक्य नव्हते.

भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी ह्या पद्धतीला वेळीच हरकत घेतली होती. मुंबईचे चंदुलाल वकील ह्यांचे रुपयाच्या घसरणीवरील पुस्तक १९४३ मध्येच निघाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांनी त्याच वर्षी नी. वि. सोवनी ह्यांच्यासह युद्धकालीन आर्थिक धोरणावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली असे आज सामान्यतः मानले जाते. धान्य पूर्णतः संपले होते म्हणून ती मेली नाहीत. त्यांच्या मजुरीच्या आवाक्याबाहेर धान्य गेले म्हणून मेली. ह्यानंतर शहरांत शिधावाटप सुरू झाले. मुंबईने मे १९४३ मध्ये त्यात पुढाकार घेतला. मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून पिकाच्या अंदाजाप्रमाणे सक्तीने धान्य घेण्याची पद्धत आली. खेड्यापाड्यांत तिला ‘लेव्ही’ म्हणत आणि त्या शब्दाची धास्ती पुढे बराच काळ टिकली.

जर्मनीने १९४८ मध्ये पैशाचा राक्षस कापून काढला. भारतात त्यासाठी एक लहानसा प्रयत्न झाला. जानेवारी १९४६ मध्ये वटहुकूम काढून पाचशे, एक हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द करण्यात आल्या. अशा सुमारे १४४ कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. त्यांपैकी सुमारे १३५ कोटींच्या रीतसर बदलून घेतल्या गेल्या. सामान्य माणसाच्या वा साठेबाजाच्या हातातील शंभर व दहा रुपयांच्या नोटांना आणि बँकांतील ठेवींना धक्काही लागला नाही. बाजारातील पैशाचा फुगवटा होता तेवढाच राहिला.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. पश्चिम पंजाब आणि सिंध हे गव्हाचे शिलकी प्रदेश पाकिस्तानात गेले. ताग पिकवणारा पूर्व बंगालही गेला. निर्वासितांचे लोंढे आले, रेल्वे विस्कळीत झाली.

गाडगीळ-गोरवाला मंडळ आणि विनियंत्रण

ह्या काळातील वाद समजण्यासाठी एका अल्पायुषी मंडळाकडे पाहावे लागते. १९४७ च्या आरंभी शासनाने वस्तूंच्या किंमतींविषयी सल्ला देण्यासाठी एक मंडळ नेमले. सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला हे त्याचे अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य होते. गाडगीळ हे नियंत्रणांचे भक्त होते, असा समज पुष्कळदा आढळतो. तो उथळ आहे. नियंत्रण करावयाचे तर ते सुसंगत असले पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे मुख्य सूत्र होते. उदाहरणार्थ, खानदेशातील शेतकऱ्याची ज्वारी सक्तीने आणि बांधलेल्या भावाने घेतली, पण भुईमुगाला बाजार मोकळा ठेवला, तर तो पुढल्या वर्षी ज्वारीच्या रानात भुईमूग पेरील. त्याला दोष देता येणार नाही. म्हणजे ज्वारीचा भाव ठरवताना भुईमूग, कापूस आणि ऊस ह्यांच्या भावांचाही विचार करावा लागतो. शिवाय शेतकरी जे कापड विकत घेतो त्याच्या भावाचाही. एक भाव ठरवणे म्हणजे भावांची सारी रचना ठरवणे होय. हे काम चालू शासनयंत्रणेला पेलणारे आहे का, अशी शंका कोणीही घेऊ शकेल आणि विरोधकांनी ती घेतलीही.

विनियंत्रणाच्या बाजूने तीन निरनिराळे प्रवाह एकत्र आले होते. व्यापारी व गिरणीमालक ह्यांचा हितसंबंध स्पष्टच होता. प्रशासनाचा अनुभव कडू होता: शासनाच्या हाती येणारे धान्य एकूण उत्पन्नाचा लहानसा भाग होते, आणि त्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत लाचलुचपत शिरली होती. तिसरा प्रवाह नैतिक होता. नोव्हेंबर-डिसेंबर १९४७ मध्ये महात्मा गांधींनी दिल्लीतील प्रार्थनासभांतून अन्नधान्य व कापडावरील नियंत्रणे उठवण्याचा आग्रह वारंवार धरला. नियंत्रणांनी फसवणूक वाढते, लोक परावलंबी होतात. शेतकऱ्यावर व व्यापाऱ्यावर विश्वास टाकला तर दडलेला साठा बाहेर येईल, असे त्यांचे मत होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीनेही बहुमताने विनियंत्रणाची शिफारस केली. डिसेंबर १९४७ मध्ये धान्य व साखर, आणि १९४८ च्या आरंभी कापड मोकळे झाले. किंमत-मंडळाचा सल्ला ह्याच्या उलट होता. निर्णय झाल्यावर त्याला कामच उरले नाही.

पुढे काय घडले ते आकड्यांत थोडक्यात सांगता येते. ऑगस्ट १९३९ मधील किंमती १०० धरल्या तर घाऊक किंमतींचा निर्देशांक नोव्हेंबर १९४७ मध्ये ३०२ होता. जुलै १९४८ मध्ये तो ३९० च्या जवळ पोहोचला. आठ महिन्यांत जवळजवळ तीस टक्के. ही वाढ सर्वांवर सारखी पडली नाही. मुंबईतील गिरणीकामगाराला निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता होता. खेड्यातील शेतमजुराला आणि ठराविक पगाराच्या शाळामास्तराला तसे काहीच नव्हते. साठा मात्र बाहेर आला नाही. उलट पुढे भाव आणखी वाढतील ह्या खात्रीने तो अधिकच दडला. जुलै १९४८ च्या अखेरीस कापडावर आणि सप्टेंबरमध्ये धान्यावर पुन्हा नियंत्रणे आली. त्याच उन्हाळ्यात एरहार्ड ह्यांचा प्रयोग जर्मनीत सुरू झाला होता, हा कालयोग विलक्षण म्हणावा लागेल.

फरक कोठे होता

ह्या दोन प्रयोगांचा उपयोग दोन्ही पक्षांनी सोयीप्रमाणे केला आहे. जर्मनीने बाजार मोकळा केला म्हणून ती उठली, असे एक पक्ष सांगतो. भारतात बाजार मोकळा केला तेव्हा गरीब भरडला गेला, असे दुसरा सांगतो. आमच्या मते दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात.

जर्मनीत दडवलेला माल बाहेर आला, कारण त्याच्या बदल्यात मिळणारा पैसा दुर्मिळ आणि म्हणूनच मोलाचा झाला होता. व्यापाऱ्याला नवे मार्क हवे होते आणि ते मिळवण्याचा मार्ग माल विकणे हाच होता. भारतात व्यापाऱ्याच्या हाती रुपये भरपूर होते. त्याला हवा होता तो माल. मग तो धान्य विकून नोटा कशाला गोळा करील? नियंत्रण उठवण्याचा निर्णय दोन्हीकडे एकच असला तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो अगदी उलट होता. शिवाय जर्मनीत मोकळ्या झालेल्या वस्तू मुख्यतः कारखानी होत्या. बंद यंत्रे सुरू केली की त्यांचे उत्पादन आठवड्यांत वाढते. भारताने सर्वांत आधी मोकळे केले ते धान्य, आणि धान्य वर्षातून ठराविक वेळीच पिकते. भाव कितीही चढला तरी मार्चमध्ये पेरलेला भात एप्रिलमध्ये घरात येत नाही. ज्या वस्तूचा पुरवठा तत्काळ वाढू शकत नाही आणि जिच्यावाचून जगता येत नाही, तिच्यावरील शिधावाटप जर्मनीने १९५० पर्यंत ठेवले होते. एरहार्ड ह्यांच्या धाडसाची स्तुती करणाऱ्यांनी त्यांच्या ह्या सावधगिरीकडेही पाहावयास हवे.

मग भारतानेही १९४६ किंवा १९४७ मध्ये पैशाची कापणी करावयास हवी होती काय? हे म्हणणे सोपे आहे. जर्मनीतील ठेवीदार पराभूत देशाचा नागरिक होता आणि निर्णय परकीय लष्करी प्रशासनाने घेतला होता. मतदारांना कोणी विचारले नव्हते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या शासनाने आपल्याच लोकांच्या बचतीवर तसा घाव घालणे कल्पनेतही आणता आले नसते. परंतु कापणी करता येत नसेल तर अर्थसंकल्पातील तूट आणि बँकांचा कर्जपुरवठा आवरणे तरी शक्य होते, आणि ते आधी व्हावयास हवे होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये शासनाने भाववाढविरोधी कार्यक्रम जाहीर केला. त्याचा क्रम विनियंत्रणाच्या आधी लागावयास हवा होता.

दुसरे विनियंत्रण

ह्या विवेचनाची कसोटी पाहण्याची संधी भारताला लवकरच मिळाली. कोरियातील युद्धामुळे चढलेल्या किंमती एप्रिल १९५१ नंतर उतरू लागल्या आणि मार्च १९५२ पर्यंत घाऊक निर्देशांक सुमारे एक-पंचमांशाने खाली आला. अर्थमंत्रिपदी आता चिंतामणराव देशमुख होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये बँक दर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्के करण्यात आला. रक्कम किरकोळ, पण पैसा महाग करण्याची दिशा स्पष्ट होती. अमेरिकेकडून कर्जाऊ घेतलेल्या गव्हामुळे शासनाच्या कोठारांत साठाही होता. जून १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनी आपल्या राज्यातील धान्य-नियंत्रणे उठवली. केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई ह्यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि पुढे एकेक बंधन सैल करीत नेले. नियोजन आयोग साशंक होता. १९४८ ची आठवण ताजी होती. महाराष्ट्रात तर १९५२-५३ मध्ये सोलापूर-अहमदनगरकडे अवर्षण होते. परंतु किडवई एका वेळी एकाच धान्याला हात घालीत आणि भाव चढू लागला की कोठारातील धान्य बाजारात सोडत. १९५०-५१ मध्ये देशाचे धान्योत्पादन सुमारे ५ कोटी १० लाख टन होते. १९५३-५४ मध्ये ते सुमारे ७ कोटी टन झाले. जुलै १९५४ पर्यंत धान्यावरील नियंत्रणे जवळजवळ पूर्णपणे उठली आणि भाव चढण्याऐवजी उतरले.

ह्यात चांगल्या पावसाचा वाटा मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. किडवईंचे टीकाकार तेच म्हणत. पण पैशाचा ताण सैल झालेला असणे, शासनाजवळ साठा असणे आणि बंधने टप्प्याटप्प्याने काढणे ह्या तीन गोष्टी पावसावर अवलंबून नव्हत्या, आणि १९४७ च्या अखेरीस त्यांपैकी एकही नव्हती.

१९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या निमित्ताने हाच वाद नव्या रूपात आला. देशमुखांच्या अध्यक्षतेखालील अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय ह्या एकाच सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली. तुटीच्या अर्थभरण्यावर एवढी मोठी योजना उभारली तर भाववाढ होईल आणि ती दाबण्यासाठी पुन्हा नियंत्रणे आणावी लागतील, असा त्यांचा इशारा होता. योजनेत १,२०० कोटी रुपयांची तूट धरलेली होती. शेणॉय ह्यांनी सुचवलेली सर्वच उपाययोजना मान्य होण्याजोगी नव्हती, पण हा इशारा फोल ठरला नाही. १९५७ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी आटली, धान्याचे भाव चढले आणि अशोक मेहता समितीला पुन्हा त्याच प्रश्नाचा विचार करावा लागला. संपूर्ण नियंत्रण आणि संपूर्ण मोकळीक ह्यांच्या दरम्यानचा मार्ग तिने सुचवला: शासनाने साठा बाळगावा, स्वस्त धान्याची दुकाने चालवावीत आणि भाव स्थिर राखावेत.

त्या मार्गासाठी लागणाऱ्या संस्था उभ्या राहण्यास १९६५ उजाडावे लागले. त्या वर्षी भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. एका पिकाचा भाव ठरवताना इतर पिकांच्या भावांशी त्याचा मेळ घालणे, हे आयोगाच्या कामाचे एक मुख्य अंग होते. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. गाडगीळ त्या वेळी पुण्यात होते. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद स्वीकारून ते दिल्लीस गेले.